नवा वितरित डेटाबेस प्रॉडक्शनला घ्यावा की नाही, हे ठरवायचं कसं?

पाणचक्की

विषय थेट मांडते. एक पेमेंट लेजर (पैशांच्या जमा-नावे नोंदींची वही) आहे, एकाच पोस्टग्रेस डेटाबेसवर. डेटा ८०० जीबी, गर्दीच्या वेळी सेकंदाला ४,००० राइट्स. व्यवहार छोटे, दोन खाती आणि तीन-चार ओळी एवढेच. मागणी दोनच: एक मशीन पडलं तरी कबूल केलेली एकही नोंद हरवू नये, आणि फेलओव्हरसाठी, म्हणजे काम दुसऱ्या मशीनवर हलवण्यासाठी, माणूस उठवावा लागू नये.

समोर आलेले सगळे पर्याय स्वतःला 'वितरित, एसिड, पोस्टग्रेस-कम्पॅटिबल' म्हणवतात, म्हणजे डेटा अनेक मशीनवर, व्यवहार पूर्ण होतो किंवा अजिबात नाही, आणि ॲपला पोस्टग्रेससारखाच दिसणारा. त्यातला एक जेमतेम दोन वर्षांचा आहे. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा त्या नावाच्या भांडणात वाहून जाईल. वेबसाइटवरचे बेंचमार्क आणि ग्राहकांचे लोगो सोडून नेमकं काय तपासावं? आणि थेट नकार कशावर द्यावा?

शंकेखोर

आधी उलटा प्रश्न. वितरित हवाच कशाला? ४,००० छोटे राइट्स चांगल्या एनव्हीएमई डिस्कवरचं एक पोस्टग्रेस पेलतं, ८०० जीबीही मोठा आकडा नाही. तुमच्या दोन्ही मागण्या पॅट्रोनी (पोस्टग्रेसचं फेलओव्हर आपोआप करणारं टूल) आणि दोन सिंक्रोनस स्टँडबाय (प्रत्येक नोंद लगेच घेणाऱ्या राखीव प्रती) यांत बसतात. 'दोघांपैकी कुणाही एकाची पोच आली की कमिट' (म्हणजे नोंद पक्की) अशी अट घाला. एकच स्टँडबाय ठेवलात तर तो पडताच राइट्स अडतात, म्हणून दोन.

एक खाच मात्र माहीत असू द्या. स्टँडबायची वाट बघत असताना क्लायंटने क्वेरी रद्द केली तर ती नोंद प्रायमरीवर (मुख्य मशीनवर) कमिट झालेलीच असते, फक्त पलीकडे पोचल्याची खात्री नसते.

नव्या डेटाबेसची तुलना आजच्या एकट्या पोस्टग्रेसशी न करता या मांडणीशी करा. तरीही तो जिंकला तर पुढचं बोलू.

तिसरा_नोड

शंकेखोरांचं म्हणणं रास्त आहे, पण वर्षभरात डेटा पाचपट होणार असेल तर हा प्रश्न पुन्हा येणारच. म्हणून मूळ प्रश्नाकडे वळतो.

'एसिड' या शब्दावर थांबू नका. डीफॉल्ट आयसोलेशन लेव्हल (एकाच वेळी चालणारे व्यवहार एकमेकांपासून किती वेगळे राखले जातात) कोणती, आणि त्या नावाखाली प्रत्यक्षात काय दिलंय, ते बघा. टायडीबी या वितरित डेटाबेसात 'रिपीटेबल रीड' म्हणून जे मिळतं ते खरं तर स्नॅपशॉट आयसोलेशन आहे, म्हणजे प्रत्येक व्यवहाराला सुरुवातीच्या क्षणाचंच चित्र दिसतं. कॉक्रोचडीबी हा तसाच दुसरा डेटाबेस सिरियलायझेबल डीफॉल्ट देतो, म्हणजे निकाल व्यवहार एकामागून एक चालल्यासारखाच. लेजरसाठी हा फरक पैशांचा आहे. समजा एकाच ग्राहकाची दोन खाती, दोन्हींत ६०० रुपये, आणि नियम असा की दोन्हींची बेरीज शून्याखाली जाऊ नये. दोन सेशन उघडा. दोन्हींत बेरीज वाचा, १,२०० येईल. मग एकातून पहिल्या खात्यातले १,००० काढा, दुसऱ्यातून दुसऱ्या खात्यातले १,०००, आणि दोन्ही कमिट करा. स्नॅपशॉटमध्ये दोन्ही कमिट होतात, कारण दोघांनी वेगवेगळ्या ओळी बदलल्या. बेरीज उणे ८००. सिरियलायझेबलमध्ये एकाला ४०००१ हा एरर कोड यायलाच हवा. पाच मिनिटांची चाचणी आहे, पहिल्याच दिवशी करा.

४०००१ आला की सगळा व्यवहार पहिल्या रीडपासून पुन्हा चालवायचा असतो, फक्त शेवटचं अपडेट नाही. इथे डेटाबेसही घसरतात. २०१९ मध्ये जेप्सनने (डेटाबेस मुद्दाम मोडून तपासणारा प्रकल्प) टायडीबी २.१.७ तपासला तेव्हा नेमकं हेच सापडलं. संघर्ष झाला की तो व्यवहारातले राइट्स आपणहून पुन्हा लावायचा, पण ज्या जुन्या रीडवरून ॲपने ते आकडे काढले ते रीड पुन्हा करायचा नाही. परिणाम म्हणजे हरवलेली अपडेट्स. आणि ही सोय डीफॉल्टनेच चालू होती. ३.०.० च्या दुसऱ्या रिलीज कँडिडेटमध्ये ती डीफॉल्ट बंद झाली. मॅन्युअलमधलं 'आपोआप रिट्राय' हे वाक्य दिसलं की लाल पेन घ्या.

दुसरा कोड ४०००३: कमिट झालं की नाही ते माहीत नाही. कमिट पाठवलं आणि उत्तर येण्याआधी नोड (डेटाबेसच्या मशीनपैकी एक) मेला तर दुसरं खरं उत्तर नसतंच. जो नवा डेटाबेस इथे सरळ 'फेल' म्हणतो तो खोटं बोलतो. ॲपच्या बाजूने प्रत्येक व्यवहाराला क्लायंटनेच दिलेला विनंती-क्रमांक ठेवा, त्यावर युनिक इंडेक्स (तोच क्रमांक दोनदा लिहू न देणारा), आणि रिट्रायला तोच क्रमांक.

जेप्सन रिपोर्ट असेल तर निष्कर्षाआधी तीन गोष्टी वाचा. कोणती व्हर्जन तपासली, कोणते बिघाड घातले, आणि कोणते घातलेच नाहीत. स्कीमा बदल, नोड वाढवणं-काढणं, अपग्रेड आणि डिस्कचे बिघाड हे चार बहुधा शेवटच्या यादीत सापडतात. रिपोर्टमध्ये बग निघाले म्हणून डेटाबेस वाईट ठरत नाही. कॉक्रोचडीबीच्या बीटावर २०१७ च्या सुरुवातीला रिपोर्ट आला, त्यात सिरियलायझेबल मोडणारे दोन बग होते. ते दुरुस्त झाले, त्याच मे महिन्यात १.० आली, आणि त्याच चाचण्या त्यांनी रोज रात्री चालणाऱ्या टेस्टमध्ये घेतल्या. बघायचं असतं ते हे शेवटचं.

मध्यरात्रपाळी

रिपोर्ट वाचून झाला की स्वतः मोडून बघा. मोठं क्लस्टर (मशीनचा संच) लागत नाही. २०१४ च्या ओएसडीआय परिषदेत कॅसँड्रा, एचबेस, एचडीएफएस, मॅपरिड्यूस आणि रेडिस या वितरित प्रणालींतल्या १९८ बिघाडांचा अभ्यास मांडला गेला. जवळजवळ सगळे बिघाड तीन किंवा त्याहून कमी नोडवर पुन्हा घडवता आले, आणि अतिगंभीर बिघाडांपैकी ९२ टक्के एरर हाताळणीच्या चुकांतून आले होते. एरर मिळाला होता, तो नीट हाताळला गेला नाही.

मांडणी: तीन व्हीएम (आभासी मशीन) डेटाबेसच्या, चौथी लोड देणारी. कंटेनर नकोत. एकाच होस्टवरच्या कंटेनरांना घड्याळ एकच असतं, त्यामुळे घड्याळाची चाचणीच होत नाही. प्रोग्रामला खोटी वेळ दाखवणाऱ्या लिबफेकटाइमवरही विसंबू नका. गो या भाषेत लिहिलेला प्रोग्राम वेळ विचारताना सहसा सी लायब्ररीतून जातच नाही, त्यामुळे तुम्ही घड्याळ हलवल्याच्या भ्रमात राहता.

लोड देणारा प्रोग्राम प्रत्येक विनंतीचा क्रमांक आणि निकाल डेटाबेसबाहेरच्या साध्या फाइलमध्ये लिहील. निकाल तीनच: झालं, नाही झालं, माहीत नाही. चाचणीनंतर पडताळा. 'झालं' ते सगळे क्रमांक टेबलात नेमके एकदाच हवेत, 'नाही झालं' त्यातला एकही नको, 'माहीत नाही' कसेही चालतील. शेवटी सगळ्या जमा-नावे नोंदींची बेरीज शून्य. ही फाइल नसेल तर पुढच्या सगळ्या खटाटोपाला अर्थ नाही.

किल -९ (प्रोसेस जबरदस्तीने मारणं) सगळेच करतात. त्याने प्रोसेस मरते, पण कर्नलची पेज कॅश (डिस्कवर अजून न गेलेला मेमरीतला डेटा) जिवंत राहते. म्हणजे डेटाबेस एफसिंक (डेटा खरोखर डिस्कवर उतरवणं) करायला विसरला असला तरी ही चाचणी पास होते! त्यासाठी व्हीएमची वीजच काढायची: लिनक्सच्या सिस्रिक्यू ट्रिगरमध्ये 'बी' (तत्काळ रीबूट) लिहा किंवा होस्टवरून व्हीएम डिस्ट्रॉय करा. आणि तिन्ही व्हीएम एकदम. एकेक करून पाडल्यात तर उरलेल्या दोघांच्या मेमरीतली प्रत चूक झाकून टाकते.

एफसिंकच फेल झाला तर डेटाबेस काय करतो, तेही विचारा. पोस्टग्रेसवाल्यांना २०१८ मध्ये कळलं की लिनक्सवर एकदा फेल झालेला एफसिंक पुन्हा केला तर 'यशस्वी' सांगतो आणि डेटा मात्र गेलेला असतो. २०१९ च्या फेब्रुवारीतल्या पॅचपासून पोस्टग्रेस अशा वेळी सरळ पॅनिक होतो आणि लॉगवरून सावरतो. नवा डेटाबेस तिथे रिट्राय करत असेल तर तो हा धडा शिकलेला नाही. तपासायला डीएम-फ्लेकी (लिनक्सची मुद्दाम चुकणारी डिस्क) वापरा.

मेलेल्या डिस्कपेक्षा मंद डिस्क वाईट. डीएम-डिलेने (डिस्क मुद्दाम मंद करणारी सोय) लीडरच्या, म्हणजे राइट्स आधी घेणाऱ्या नोडच्या, डिस्कला २०० मिलिसेकंदांची खीळ घाला. हार्टबीट ('मी जिवंत आहे' असे संदेश) व्यवस्थित चालू असतात म्हणून लीडर बदलत नाही, आणि अख्खं क्लस्टर त्या एका डिस्कच्या चालीने रांगतं. चांगली प्रणाली हे ओळखून लीडरपद सोडते. तरुण डेटाबेस इथे हमखास सापडतात.

नेटवर्क तोडताना आयपीटेबल्समध्ये (लिनक्सची फायरवॉल) रिजेक्ट नको, ड्रॉप हवा. रिजेक्टने समोरच्याला लगेच कळतं, खऱ्या बिघाडात तसं कळत नाही. ड्रॉप केल्यावर लिनक्सच्या डीफॉल्टप्रमाणे टीसीपी १५ वेळा पुन्हा पाठवतो, म्हणजे साधारण ९२४ सेकंद, पंधरा मिनिटांहून जास्त. डेटाबेस १० सेकंदांत सावरला तरी तुमचा कनेक्शन पूल (ॲपने उघडी ठेवलेली कनेक्शनं) तेवढा वेळ लटकलेला असतो. टीसीपी यूजर टाइमआउट सेट करा.

तोडण्याचे प्रकार तीन. एक नोड पूर्ण वेगळा, हा सोपा. अ आणि ब एकमेकांना दिसत नाहीत पण क ला दोघेही दिसतात, हा अवघड. आणि एकेरी, म्हणजे अ चं ब ला ऐकू जातं पण उलट नाही. २ नोव्हेंबर २०२० ला क्लाउडफ्लेअर या इंटरनेट सेवा कंपनीचा एक स्विच असाच अर्धवट बिघडला. एटसीडीत (अनेक मशीनवर कॉन्फिगरेशन जपणारी प्रणाली) नव्या लीडरसाठी निवडणुकांमागून निवडणुका झाल्या, आणि त्यांचा एपीआय व डॅशबोर्ड सहा तासांहून जास्त काळ अडखळत होते. दुसरा आणि तिसरा प्रकार किमान अर्धा तास चालू ठेवा. निवडणूक किती वेळा होते ते मोजा.

राहिलं घड्याळ आणि गोठणं. लीडरच्या प्रोसेसला सिगस्टॉप (गोठवणं) द्या, १५ सेकंदांनी सिगकाँट (पुन्हा चालू). तोवर दुसरा लीडर आलेला असतो, पण जुन्याला वाटतं आपली लीज (लीडरपदाची मुदत) अजून चालू आहे. त्या क्षणी त्याच्याकडून शिळं रीड मिळतं का, ते वरच्या फाइलवरून काढा. मग एका व्हीएमवर क्रोनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) बंद करून घड्याळ आधी २०० मिलिसेकंद, मग ६०० पुढे न्या. कॉक्रोचडीबीची डीफॉल्ट मर्यादा ५०० मिलिसेकंद आहे, आणि त्याच्या ८० टक्क्यांहून जास्त फरक निम्म्या नोडशी पडला की नोड स्वतःला बंद करतो. हेच बरोबर वागणं. घड्याळ चुकल्यावरही जो हसतमुखाने उत्तरं देत राहतो, त्याच्यापासून सांभाळा.

पाणचक्की

बापरे. हे सगळं चालवायला किती दिवस धरायचे? आणि लोड किती ठेवायचा? रिकाम्या क्लस्टरवर नोड पाडून काय कळणार?

कोकणकडा

रिकाम्यावर काहीच कळत नाही. आधी ८०० जीबी भरा, खराच आकार. १० जीबीवर सगळं कॅशमध्ये बसतं आणि कॉम्पॅक्शनचा (डिस्कवरच्या फाइल एकत्र करून आवरण्याचा) त्रास दिसतच नाही.

मग हिशोब. तीन नोड, तीन प्रती: प्रत्येकावर सगळा डेटा. एक पडला की त्याचा वाटा उरलेल्या दोघांवर, म्हणजे दीडपट. रोज ७० टक्क्यांवर चालवत असाल तर १०५ टक्के. म्हणजे नोड पडल्यावर क्लस्टर पडतं, आणि डेटाबेसला नावं ठेवली जातात. तीन नोडवर ६० च्या वर जाऊ नका. शिवाय तीनच असल्याने हरवलेली प्रत नव्याने बनवायला चौथी जागाच नसते.

पाच नोड घेतले तर एकूण २,४०० जीबी, नोडमागे ४८० जीबी. एक कायमचा गेला तर तेवढा डेटा पुन्हा कॉपी व्हायला एकूण १०० एमबी प्रतिसेकंद वेगाने ४,८०० सेकंद, म्हणजे ८० मिनिटं लागतात. त्या ८० मिनिटांत दुसरा नोड गेला तर काही रेंजचं (डेटाच्या तुकड्यांचं) बहुमतच हरवतं. कॉपीचा वेग वाढवला तर ग्राहकांची लेटन्सी (उत्तराला लागणारा वेळ) चढते. हा वेग किती ठेवायचा ते तुम्हाला बदलता येतं का, आणि चालत्या क्लस्टरवर येतं का, हे बघा.

लोड टूलबद्दल: उत्तर आल्यावरच पुढची विनंती पाठवणारं टूल नको. डेटाबेस पाच सेकंद थांबला तर ते टूलही थांबतं, त्या पाच सेकंदांत येऊ शकल्या असत्या अशा २०,००० विनंत्या मोजलेल्याच नसतात, आणि ९९ वा पर्सेंटाइल (शंभरातल्या ९९ विनंत्या ज्या वेळेत होतात ती वेळ) गोंडस दिसतो. ठरलेल्या दराने पाठवणारं टूल घ्या आणि विनंती जेव्हा जायला हवी होती तेव्हापासून वेळ मोजा.

की कशा आहेत तेही महत्त्वाचं. रेंजने वाटणी करणाऱ्या डेटाबेसात वाढता क्रमांक किंवा टाइमस्टँप प्रायमरी की ठेवली की सगळे इन्सर्ट शेवटच्या रेंजवर, म्हणजे एकाच नोडवर. पाच नोड घेतले, काम एकाचं. टायडीबीत यासाठी ऑटो-रँडम आहे, कॉक्रोचडीबीत हॅश-शार्डेड इंडेक्स, दोन्ही की विखुरतात. लेजरमध्ये आणखी एक गरम जागा ठरलेली: कमिशनचं किंवा सेटलमेंटचं एकच खातं, ज्याला प्रत्येक व्यवहार हात लावतो. ती ओळ कुठल्याही वाटणीने फुटत नाही. तिची १६ किंवा ३२ उपखाती करून वाचताना बेरीज करावी लागते. विक्रेत्याच्या बेंचमार्कमध्ये असलं खातं नसतं.

आणि हो, डिस्क आधी मोजा. एफआयओ या डिस्क मोजणाऱ्या टूलने छोटे ब्लॉक, प्रत्येक राइटला एफडेटासिंक. एटसीडीच्या मार्गदर्शनात ९९ वा पर्सेंटाइल १० मिलिसेकंदांखाली असावा असं आहे, तीच कसोटी इथेही चालेल.

शंकेखोर

सगळं बरोबर आहे, पण इतकं करून डेटाबेस पास झाला आणि कंपनीच गेली तर? रीथिंकडीबी या डेटाबेसची कंपनी २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाली, कोड २०१७ मध्ये लिनक्स फाउंडेशनकडे गेला म्हणून वाचला. फाउंडेशनडीबी ॲपलने २०१५ मध्ये घेतली आणि डाउनलोड काढून टाकले. कोड खुला व्हायला एप्रिल २०१८ उजाडलं. फॉना या डेटाबेस सेवेने २०२५ च्या मार्चमध्ये जाहीर केलं आणि ३० मे रोजी सेवा बंद. तिची क्वेरीची भाषा स्वतःची होती, म्हणजे ग्राहकांना डेटा हलवण्याबरोबर ॲपही पुन्हा लिहिणं आलं. कॉक्रोचडीबी जिवंत आहे, पण लायसन्स २०१९ मध्ये बदललं आणि २०२४ च्या नोव्हेंबरपासून पुन्हा.

म्हणून परतीचा रस्ता आधी चालून बघा. चेंज फीडने (प्रत्येक बदल बाहेर पाठवणारा प्रवाह) डेटा सतत एका साध्या पोस्टग्रेसमध्ये उतरत राहील अशी सोय पहिल्या दिवसापासून ठेवा. दोन्हीकडे ॲपमधून लिहायचा मोह टाळा. एकीकडे कमिट आणि दुसरीकडे टाइमआउट झाला की दोन लेजर तयार होतात. फीडमध्ये एकच घटना दोनदा येऊ शकते हे गृहीत धरून उतरवणारा भाग लिहा, आणि चाचणीच्या काळात एकदा खरोखर त्या पोस्टग्रेसवर ॲप वळवून दाखवा. किती मिनिटं लागली तो आकडा कागदावर हवा.

तिसरा_नोड

शंकेखोरांच्या यादीत अपग्रेडची भर घालतो. माझ्या मते नव्या डेटाबेसची खरी परीक्षा पार्टिशनपेक्षा (नेटवर्क तुटण्यापेक्षा) इथे होते. पार्टिशन वर्षातून एकदा, अपग्रेड दर तीन महिन्यांनी.

जुनी व्हर्जन चालू, लोड चालू, एकेक नोड नव्या व्हर्जनवर न्या. मधेच थांबा. दोन व्हर्जनचं मिश्र क्लस्टर दिवसभर ठेवा आणि त्या अवस्थेत वरचे बिघाड पुन्हा घाला. मग एक नोड मागे न्या. बहुतेक ठिकाणी 'फायनलाइझ' (नवी व्हर्जन पक्की करणं) ही पायरी झाली की मागे जाता येत नाही. कॉक्रोचडीबीत ती आपोआप होते, थांबवायची तर डाउनग्रेड जपणारं क्लस्टर सेटिंग अपग्रेडच्या आधी लावावं लागतं. नव्या डेटाबेसात असं सेटिंगच नसेल तर ती गंभीर उणीव माना.

जुनेजाणतेही घसरतात. एटसीडी ३.५.० ते ३.५.२ मध्ये जास्त लोडखाली प्रोसेस मारली गेली तर त्या नोडवरचा डेटा इतरांपेक्षा वेगळा राहू शकत होता, दुरुस्ती ३.५.३ मध्ये आली. त्यामुळे शेवटी शून्य असलेली व्हर्जन लेजरवर नकोच. शिवाय प्रती एकमेकींशी जुळतात का हे डेटाबेस स्वतःहून तपासतो का, आणि नाही जुळल्या तर ओरडतो का, हे विचारा.

मागच्या वर्षभराच्या रिलीज नोट्स उघडा आणि 'चुकीचा निकाल' व 'डेटा हरवणे' या अर्थाच्या दुरुस्त्या वेगळ्या काढा. प्रत्येकीपुढे लिहा: कुणाला सापडली, किती दिवसांत सुटली, जुन्या व्हर्जनमध्येही दुरुस्ती आणली का. एकही सापडली नाही तर आनंद नको. दोन वर्षांच्या वितरित डेटाबेसात असे बग नसतात असं नाही, ते लिहिले जात नाहीत.

मध्यरात्रपाळी

रिस्टोअर (बॅकअपवरून डेटा परत आणणं) राहिलं. गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेचं ३१ जानेवारी २०१७ चं प्रकरण सर्वांना पाठ आहे: डंप घेणारं टूल पोस्टग्रेस ९.२ चं, सर्व्हर ९.६ चा, बॅकअपची जागा रिकामी, आणि सुमारे सहा तासांचा डेटा गेला. म्हणून बॅकअप 'यशस्वी' झाला याला शून्य किंमत. वेगळ्या नोडसंख्येच्या कोऱ्या क्लस्टरवर रिस्टोअर करा. २०० एमबी प्रतिसेकंद मिळाले तर ८०० जीबीला ४,००० सेकंद, इंडेक्स वेगळे. मग जमा-नावे बेरीज. बॅकअप चालू असताना खात्यांमध्ये पैसे फिरत ठेवले असतील तर ही बेरीज शून्य येणं हाच पुरावा की बॅकअप एका क्षणाचा आहे, तुकड्यातुकड्यांचा नाही.

कोकणकडा

पेमेंटचा विषय आहे म्हणून एक भारतातला पेच. रिझर्व्ह बँकेच्या ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकानुसार पेमेंटचा डेटा देशातच साठवायचा. आणि बहुमताला तीन जागा लागतात. एडब्ल्यूएसचे (ॲमेझॉनचा क्लाउड) भारतात दोनच रीजन (डेटा सेंटरचे प्रदेश), मुंबई आणि हैदराबाद. दोन रीजनमध्ये तीन किंवा पाच प्रती कशाही वाटा, एकीकडे बहुमत असणारच, आणि तीच बाजू पडली की दुसरी थांबते. सिंगापूरला तिसरी प्रत टाकता येत नाही, कारण मत देणाऱ्या प्रतीकडे लॉग जातो आणि लॉग म्हणजेच डेटा. मायक्रोसॉफ्टच्या अझूरचे पुणे, चेन्नई, मुंबई असे किमान तीन आहेत, पण तिन्हींत सारख्या सेवा मिळत नाहीत. गूगलचे मुंबई आणि दिल्ली.

मग व्यवहार्य मांडणी अशी: तीन प्रती मुंबईतल्याच तीन झोनमध्ये (वेगवेगळ्या डेटा सेंटरांत), हैदराबादला असिंक्रोनस (थोडी मागून येणारी) प्रत. रीजन अख्खा गेला तर काही सेकंदांच्या नोंदी जाऊ शकतात, हे व्यवस्थापनाला आधी लेखी सांगा. दोन्हीकडे सिंक्रोनस हवंच असेल तर अंतराचा हिशोब करा: हवाई अंतर सुमारे ६२० किमी, प्रकाश फायबरमधून सेकंदाला साधारण दोन लाख किमी, म्हणजे जाऊन-येऊन ६ मिलिसेकंद ही भौतिक किमान मर्यादा. तारा सरळ रेषेत जात नाहीत, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा स्वतः मोजा.

पाणचक्की

थेट नकार कशावर, ते अजून कुणी एका ठिकाणी सांगितलं नाही.

तिसरा_नोड

माझ्याकडून चार. कबूल केलेली एक जरी नोंद हरवली किंवा दुप्पट झाली, तर नकार. 'पुढच्या व्हर्जनमध्ये सुटेल' यावर चर्चा नाही. दुरुस्त व्हर्जन आली की सगळं पहिल्यापासून. फायनलाइझच्या आधीही मागे जाता येत नसेल तर नकार. रिस्टोअर तुमच्या ठरलेल्या वेळेत होत नसेल तर नकार. आणि चेंज फीड नसेल किंवा बीटात असेल तर लेजरसाठी नकार, दुसऱ्या कामाला घ्या हवं तर.

नोड पडल्यावर राइट्स ३० सेकंद थांबणं, एखादी क्वेरी मंद असणं, पोस्टग्रेसच्या ॲडव्हायझरी लॉक किंवा लिसन-नोटिफायसारख्या जास्तीच्या सोयी नसणं, या नकाराच्या गोष्टी नाहीत. त्यांच्याशी जुळवून घेता येतं.

दिवस विचारले होतेत. बिघाडांच्या चाचण्या दोन आठवडे. त्यानंतर फक्त चालू ठेवणं एक महिना, त्यात महिनाअखेरची गर्दी आली पाहिजे. ओळींच्या जुन्या आवृत्त्या साफ करणारं जीसी आणि कॉम्पॅक्शन यांचं खरं रूप तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसतं, विशेषतः जिथे ओळी घालून लगेच डिलीट होतात अशा आउटबॉक्स टेबलात. रोज तीच क्वेरी चालवून तिचा वेळ लिहा. आठवड्यागणिक चढत असेल तर टोम्बस्टोन (डिलीट केलेल्या ओळींच्या खुणा) साचताहेत.

मध्यरात्रपाळी

त्या महिन्यात टीएलएस सर्टिफिकेट (नोडना एकमेकांची ओळख पटवणारी) मुद्दाम ४८ तासांचीच द्या. रिस्टार्ट न करता नवी उचलतो का ते कळेल. नाही उचलली तर तिन्ही नोड एकाच मिनिटाला एकमेकांशी बोलायचे थांबतात, आणि तो दोष कुठल्याही पार्टिशन चाचणीत दिसत नाही.

पाणचक्की

ठीक. तीन व्हीएम आणि ती पडताळणीची फाइल, इथून सुरुवात करते. मंद डिस्कची चाचणी लीडरवर करायची म्हणता, पण रेंज हजारो असतील तर लीडर सगळीकडे विखुरलेले असणार ना?

मध्यरात्रपाळी

हो. तिथे एका नोडची डिस्क मंद केली तरी साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या रेंज मंदावतात, आणि सरासरीत ते बुडून जातं. लेटन्सी नोडनिहाय आणि खात्यांच्या गटानिहाय वेगळी काढा, मगच दिसेल.